आत्या फटफटी पास करते

शर्यतीची चारचाकी फटफटी नऊवारी नेसून ओढ्याकाठून पळवणारी बाई अख्ख्या सातारा-सांगलीत एकच होती, आणि ती माझी सख्खी आत्या. सांगलीच्या आमच्या इंग्रजी शाळेत मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विश्वास ठेवला नसता. इतर मुलींच्या आत्या दिवाळीला चकल्या पाठवायच्या. माझीही पाठवायची, फक्त आमच्या चकल्यांना किंचित पेट्रोलचा वास यायचा आणि घरात त्यावर कुणी बोलायचं नाही.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. ते फौजेतल्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन कोरेगावला आले आणि गावाबाहेरच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करू लागले. पुढे कुणा हौशी माणसानं त्यांच्याकडून शर्यतीसाठी एक क्वाड बाइक बनवून घेतली. म्हणजे पाइपांचा सांगाडा, जुन्या मोटारसायकलचं इंजिन, तसंच हँडल आणि चार जाडजूड चाकं. ना छप्पर, ना दार. एकाची बघून दुसरा आला. गाडी बनवण्यात मामांचा हात कुणी धरला नसता, पण फौजेतच त्यांची कंबर गेली होती. बांधावरून गाडी उडवून बघणं त्यांना जमेना. गावातले तरणे गडी हौसेनं बसायचे आणि ‘लय भारी’ म्हणून उतरायचे. मामांना हवं होतं ते गाडीचं काय चुकतंय हे सांगणारं माणूस. आत्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “मी बसते. माहेरी कुंडलला बैलगाडी कोण पळवत हुतं?”

तेव्हापासून टेस्ट घेणं हे आत्याचं खातं झालं, आणि त्याचे कायदेही तिचेच. एरवी ती पाचवारी नेसायची. टेस्टच्या दिवशी मात्र नऊवारी, कारण तिच्यात पाय मोकळे राहतात. त्यामुळे दोरीवर नऊवारी वाळत दिसली की आज एखादी गाडी पास किंवा नापास झाली, हे आळीला न विचारता कळायचं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून ती त्या दिवशी शाळकरी मुलीसारखी वेणी घालायची. निघण्यापूर्वी इंजिनाला कुंकू लावायची, पण चाकाखाली लिंबू ठेवू द्यायची नाही. लिंबावरून चाक घसरतं, असं तिचं म्हणणं. सगळ्यात मोठा कायदा किटलीचा. सायीच्या दह्यात पाणी घालून ती किटली हँडलला घट्ट बांधायची आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात शिरायची. उतारावरून खाली, बाभळीला वळसा, बांधावरून उडी आणि परत. अशा फेऱ्यांवर फेऱ्या. धुरळा खाली बसायच्या आत झाकण उघडून आत बघायची. ताकावर लोणी आलेलं असलं की गाडी नापास. मी दर सुट्टीला तिथं जायचे. पहिल्यांदा मला वाटलं ती गंमत करतेय. ती मामांना शांतपणे म्हणाली, “आवं, दह्याचं लोणी झालं, तर बसणाऱ्याच्या कंबरंचं काय हुईल? तुमची बघताय न्हवं?” मामा मुकाट्यानं मागच्या स्प्रिंगा सोडायला बसले. त्या सुट्टीत आम्हाला रोज ताजं लोणी मिळालं आणि मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

गिऱ्हाइकांना मात्र यातलं काही ठाऊक नसायचं. मामा नुसतं ‘टेस्ट झालीय’ म्हणायचे, आणि ती त्यांनीच घेतली असं लोक धरून चालायचे. आत्या त्या वेळी आत चहा टाकत असायची. तिला याचं वाईट वाटतं का, हे मी चेहऱ्यावरून ओळखायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती साखरेच्या डब्यात बघत असायची.

मी अकरावीला गेले त्या वर्षी सांगलीचा एक तरुण गाडी न्यायला आला. मोटारसायकलच्या शर्यतींत नाव काढलेला, तांबडे बूट घातलेला. दोन दिवसांवर त्याची शर्यत होती. आणि आदल्याच संध्याकाळी आत्यानं ती गाडी नापास केली होती. लोण्याचा प्रश्न नव्हता. डाव्या वळणाला आतलं मागचं चाक जमीन सोडत होतं. असं वळण शर्यतीत जोरात घेतलं असतं तर गाडी माणसासकट उलटली असती. पाहुण्याला गाडी तशीच नेऊ द्यायची, ‘एक पार्ट यायचाय’ म्हणून वेळ मारून न्यायची, की खरं सांगायचं, हे आता मामांच्या हातात होतं. खरं सांगायचं तर कुणाच्या शब्दावर, हेही सांगावं लागणार होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्यामागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

मामा हात पुसत म्हणाले, “गाडी आज मिळायची न्हाई. टेस्ट आमची मंडळी घेत्यात. त्यांनी नापास केलीया.”

पाहुणा हसला. वाईट नाही हसला, पण हसला. मग मीच बघतो म्हणून त्यानं किक मारली आणि सरळ बाभळीकडे निघाला. आत्या पदर खोचत बाहेर आली, पण तोवर तो वळणाला लागला होता. चाक उचललं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं मोटारसायकलवर टेकवतात तसा डावा पाय जमिनीवर टेकवला. चारचाकीवर हीच चूक. परत टेकलेल्या मागच्या चाकानं तो पाय खाली घेतला. सुदैवानं माती भुसभुशीत होती आणि पाय सुटून आला. पाहुणा परत आला तेव्हा एका पायात तांबडा बूट होता आणि दुसऱ्यात नुसता मोजा.

आत्या हसली नाही. “भाऊ, आधी बूट आणा जावा,” ती म्हणाली. “आन पाय गाडीवरच ठेवायचा. वळणाला अंग आत झोकायचं. कलत्या बैलगाडीत बसतो तसं.”

मामा दिवसभर गाडीखाली होते. दुसऱ्या दिवशी पाहुणा पुन्हा आला, तेव्हा आत्या पहिल्यांदाच परक्या माणसासमोर नऊवारी नेसून, वेणी घालून बाहेर आली. मामांनी स्वतःच्या हातानं किटली बांधली. डाव्या वळणाला तिनं अंग असं आत झोकलं की पदराचं टोक जमिनीला लागतंय असं वाटलं, आणि चारही चाकं जमिनीवर राहिली. परत आल्यावर तिनं झाकण उघडून किटली पाहुण्यापुढे धरली. त्यानं वाकून आत बघितलं. नुसतं ताक होतं. ते तो उभ्यानं सगळं प्यायला आणि म्हणाला, “वहिनी, आता न्यायची का गाडी?” विचारलं तिला, मामांना नाही. त्यानंतर जे गिऱ्हाईक यायचं, ते आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं.

आता त्या शर्यतीही राहिल्या नाहीत. शेडमध्ये पुन्हा ट्रॅक्टर येतात, आणि आत्याचे गुडघे तिला पाटावरसुद्धा बसू देत नाहीत. गेल्या दिवाळीत मी नोकरीसाठी घेतलेली स्कूटर घेऊन सांगलीहून एकटीच कोरेगावला गेले. आत्यानं स्कूटरभोवती फेरी मारली, इंजिनाला कुंकू लावलं आणि आतून किटली आणून हँडलला बांधली. आळीतली माणसं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी बाभळीला वळसा घालून आले. दोन्ही पाय स्कूटरवरच ठेवून.

आत्यानं झाकण उघडून आत बघितलं. कडेला लोण्याचे दोन-चार कण तरंगत होते. ते तिनं बोटानं अलगद काढले आणि माझ्या ओठांना लावले.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पयल्या दिवशी माझंबी आलं हुतं. पास.”