कॉफीच्या यंत्राची प्रदक्षिणा

चाळीस वर्षे देवळात निरूपण करणाऱ्या माणसाला मूठभर कॉफीच्या दाण्यांनी खाली पाहायला लावावे, हे सांगताना संकोच होतो. पण चहा येईपर्यंत बसलाच आहात, तर ऐका. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेले बरे.

घोटाळ्याचे मूळ खिरीत आहे. आमच्या लेकीचे सासरे बेळगावकडचे, पण नोकरीत सारी हयात म्हैसूरला गेलेली. त्यांच्या घरी दोन्ही वेळा ताजी दळलेली कॉफी. लेकीच्या लग्नानंतर व्याही-विहीण प्रथमच कळंबला आमच्याकडे आले, तेव्हा मी मोठ्या हौसेने सांगितले, व्याह्यांना आज कॉफीच द्यायची. आमच्या सौभाग्यवतींनी पुडीतली कॉफी काढली, म्हशीचे दूध आटवले, साखर सढळ हाताने घातली, वर वेलदोडा आणि जायफळ. विहीणबाईंनी पेला रिकामा केला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "खीर फार छान झाली हो. आता कॉफी मात्र अर्धा कपच द्या."

मुलीच्या बापाने यावर काय बोलावे? मी म्हणालो, "कॉफी पुढच्या खेपेला." आणि मनाशी ठरवले, की पुढच्या खेपेला या घरात दाणे दळले जातील, तेही व्याह्यांच्या समोर.

योग असा, की येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला गेलो असताना हमरस्त्यावर एक बंद पडलेले हॉटेल रिकामे होताना दिसले. भंगारात एक यंत्र पडले होते. वर दाणे ओतायचे नरसाळे, पुढे पीठ पडायचे तोंड, मागच्या बाजूला हातभर व्यासाचे चाक.

"कॉफी दळायचं हाय, गुरुजी," मालक म्हणाला. "घेऊन जावा, न्हायतर वजनावर जाणार बघा."

देवीच्या दारातून येताना कॉफीचे यंत्र भेटावे, याला मी प्रसादच समजलो. घरी टेम्पो थांबला तेव्हा सौभाग्यवती दारात होत्या.

"अहो, प्रसादाचा नारळ आणणार होता न्हवं? ही गिरणी कुणी दिली?"

पुढचे आठ दिवस मी त्या यंत्राची सेवा केली. नरसाळे पितळी होते, ते चिंचेने घासून देवाच्या ताम्हनासारखे केले. तोंडात जुन्या कॉफीचा डांबरासारखा थर बसला होता, तो काढताना दोन खराटे झिजले. आतल्या दोन पोलादी चकत्या बोथट झाल्या होत्या, त्या लेथवाल्याकडून धार लावून आणल्या. राहिली मोटार. तिच्यासाठी रज्जाकला बोलावले. रज्जाक माझा शाळेतला जुना विद्यार्थी, स्टँडजवळ त्याचे जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे.

"गुरुजी, ही थ्री फेजची मोटार हाय," तो म्हणाला. "घराच्या लाइनीवर हलायची बी न्हाय."

त्याने ती काढून घराच्या विजेवर चालणारी लहान मोटार बसवली. सौभाग्यवतींचा हात नरसाळ्यापर्यंत पोहोचावा म्हणून यंत्राच्या स्टँडचे पाय कापले, खाली रबर लावले. मग ओंजळभर तांदूळ टाकून बटण दाबले. खाली पांढरे शुभ्र पीठ पडले. तिथेच मी हात जोडून गप्प बसलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला काही उरले नसते. पण माझी नजर चाकावर गेली.

"रज्जाक, हे चाक उलटं फिरतंय."

"बराबर फिरतंय, गुरुजी. बाण काढलाय की इथं."

"बाण कारखान्यानं काढलाय. माझ्या घरात, देवघरासमोर, रोज दोन वेळा उलटी प्रदक्षिणा चालायची नाही."

"मशीन हाय ते, गुरुजी. भाविक न्हाय."

"फिरायची दिशा बदलता येते की नाही, तेवढं सांग."

"येतीय. दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. पण गुरुजी..."

"पण नको."

"शाळेत बी तुमी असंच म्हणायचा," असे पुटपुटत त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

चाक सुलटे फिरू लागले. मी पूजा केली, हार घातला, यंत्रावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले. दाणे घालून मात्र पाहिले नाही. नैवेद्य दाखवण्याआधी आपण चव घेतो का? पहिला घाणा व्याह्यांसाठीच निघायचा होता.

पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले. संध्याकाळी देवळात माझे निरूपण होते, तेही आवर्जून बसले. मी रंगून सांगितले, "देव जागचा हलत नाही. तो दिसत नसेल, तर त्याला हलवू पाहू नये. आपण आपली जागा सोडावी आणि दुसरीकडून पाहावे." व्याह्यांनी मान डोलावली. सौभाग्यवतींनीही डोलावली, याची मी तेव्हा पुरेशी दखल घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी म्हैसूरहून आणलेले भाजके दाणे नरसाळ्यात काठोकाठ भरले. मी तोंडाखाली चांदीची वाटी धरली, डोळे मिटले, नाम घेतले आणि बटण दाबले. यंत्र गुणगुणू लागले. वाटीत काही पडेना. मी नाम वाढवले.

"अहो, डोळे उघडा," सौभाग्यवती म्हणाल्या.

दाणे खाली जाण्याऐवजी वर येत होते. आधी उकळल्यासारखे खदखदले, मग उडू लागले. लेकीच्या लग्नात डोक्यावर पडल्या नसतील एवढ्या अक्षता व्याह्यांच्या टोपीवर पडल्या. बटण सापडेपर्यंत अर्धे नरसाळे रिकामे झाले होते. वाटी मात्र लख्ख होती.

व्याही शांत गृहस्थ. त्यांनी मिशीतला एक दाणा काढून हुंगला. "भाजलेत चांगले," म्हणाले. मग वाकून स्वस्तिकावरचे कुंकू बोटाने पुसले. "गुरुजी, इथं बाण आहे की हो. आत स्क्रू असतो, तो दाणे चकत्यांकडं ढकलतो. उलटा फिरवला की बाहेर ढकलणारच."

मला सगळे सांगावे लागले. विहीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. रज्जाकला फोन केला, तर तो पाच मिनिटांत स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच आला. आठवडाभर वाटच पाहत असावा.

तो स्क्रूला हात घालणार, तोच मी म्हणालो, "थांब." तुम्ही हसाल, पण माझी अडचण खरी होती. जन्मभर ज्या देवाभोवती उजवीकडून फिरलो, त्याच्यासमोर रोज उलटे चाक कसे फिरवू? आणि व्याह्यांना दुसऱ्या खेपेलाही कॉफीविना कसे पाठवू?

"मंग चहा टाकू का?" सौभाग्यवतींनी विचारले.

त्या जवळ आल्या.

"काल देवळात कुणी सांगितलं? देवाला हलवू नये, आपली जागा सोडून बघावं. यंत्राला जागचं हलवायला तुमाला कुणी सांगितलं व्हतं? पलीकडं जाऊन उभं ऱ्हावा. तेच चाक तिकडून सुलटं दिसतंय."

रज्जाक खाली बघत म्हणाला, "मी हेच सांगणार व्हतो, गुरुजी. तुमी 'पण नको' म्हणालात."

वायरी पूर्ववत झाल्या. मी पोट आत ओढून यंत्र आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर फटीत शिरलो. बटण दाबले.

"सुलटी हाय का?" सौभाग्यवतींनी पुढून विचारले.

"सुलटी आहे," मी भिंतीतून म्हणालो.

घरभर वास दरवळला. पुढे कॉफी गाळली जात होती, कप वाजत होते, व्याही "वा, वा" म्हणत होते, रज्जाक दुसरा कप मागत होता. प्रदक्षिणा मागून सुलटी दिसते खरी, पण कॉफी पुढून पडते, हे मला फटीत उभे राहून कळले.

शेवटी यंत्रावरून एक हात आला. विहीणबाईंचा. हातात पेला, दाट दूध, वर वेलदोड्याची पूड.

"आमची कडू कॉफी तुम्हाला झेपायची नाही, गुरुजी. तुमच्यासाठी खीर केलीय."

मी तिथेच उभ्याने प्यालो. आणि खोटे कशाला बोलू, ती फार छान झाली होती.