पाद्र्याचं पोस्टर

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या हॉलमध्ये, आमच्या मराठी मंडळाने अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका कॅथलिक पाद्र्यावर अन्याय केला. हातात हात धरून उभ्या माणसांच्या रांगेतून विजेचा झटका कसा पळतो, हे तो लोकांना दाखवायचा. गणपतीतल्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्याचं पोस्टर केलं होतं. अध्यक्षकाकांनी ते टाचण्या उपटून काढलं.

"इथे धर्मप्रचार नको."

"काका, विजेचा प्रचार आहे हा!"

"झगा दिसतोय त्याचा. पुण्यात धर्माविरुद्ध पत्रकं वाटायचीस ना तू?"

वाटायचे. चर्चने विज्ञान अडवलं, एवढंच त्यांत छापायचे.

"तेव्हा अर्धवट लिहिलं मी. आणि काका, आपला गणपती बसलाय तो हॉलसुद्धा चर्चचाच आहे."

तिथले मंडळातले सगळे इंजिनिअर आरतीच्या पुस्तिकांत डोकं घालून बसले. हे वाचणाऱ्या सभासदांनो, तुमच्यातलेही काही त्यांत होते.

प्रदर्शन येत्या रविवारी सकाळी दहाला उघडतं. साडेनऊला या, पोस्टर माझ्यासोबत भिंतीवर लावा, आणि काका आले की तिथून हलू नका.