सासूबाईंबरोबर डेट्रॉइटला बेसबॉल

सासूबाई जूनमध्ये सांगलीहून आमच्याकडे ट्रॉयला, डेट्रॉइटच्या उपनगरात, आल्या आणि महिनाभरात बेसबॉलच्या फॅन झाल्या. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की त्या टीव्ही लावून बसायच्या. कॉमेंट्री फारशी कळायची नाही, पण खेळ कळायचा. संध्याकाळी चहाबरोबर मला बातमी मिळायची, "आज सतरा नंबरनं माती खाल्ली बघ!"

परत जायच्या आधी त्यांना एक गेम प्रत्यक्ष दाखवायचा म्हणून मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शुक्रवारची तीन तिकिटं काढली. आणि शुक्रवारी दुपारीच त्याचा फोन आला. "प्रॉडक्शनला इश्यू आलाय यार, ऑफिसातून निघता येत नाही. कॅन्सल करू या?"

सासूबाई साडी बदलून, बूट घालून सोफ्यावर बसल्या होत्या. मी हायवेवर गाडी चालवत नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे बर्फात गाडी घसरली, तेव्हापासून गावातल्या रस्त्यांवरच.

"राहू दे गं, टीव्हीवर बघू," त्या म्हणाल्या आणि बुटाची नाडी सोडायला वाकल्या.

"चला आई. मी ड्राइव्ह करते."

ट्रॉयहून स्टेडियम अर्ध्या तासावर आहे, पण गेमच्या दिवशी दीड तास हाताशी ठेवा. ७५ नंबरच्या हायवेला लागताना मी रेडिओ बंद केला.

"मी बोलू का गप्प बसू?" आईंनी विचारलं.

"गप्प बसा."

"बरं."

अख्ख्या वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पार्किंग आधीच ऑनलाइन घ्या. दहा मिनिटं चालायची तयारी असेल तर बरंच स्वस्त पडतं. आणि मोठी पर्स नेऊ नका. आईंची चिवड्याची पिशवी गाडीत ठेवायला आम्हाला गेटवरून परत जावं लागलं.

आमच्या सीट्स वरच्या मजल्यावर, वीस-बावीस डॉलरच्या. तिथून समोर हिरवंगार मैदान आणि त्यामागे डाउनटाउनच्या इमारती उन्हात चमकत होत्या. आई जिना चढून आल्या, उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "केवढं मोठं आहे! टीव्हीत एवढंसं दिसतं."

खायला भाजलेल्या शेंगा घ्या. टरफलं खाली टाकायची इथे पद्धतच आहे, तरी आई ती रुमालात गोळा करत होत्या. शेजारी टीमची टोपी घातलेले एक गोरे आजोबा बसले होते. त्यांनी आपली टरफलं मुद्दाम दाखवून खाली टाकली. आईंनी हसून मान हलवली आणि गोळा करणं चालूच ठेवलं.

खेळ मला आईंनीच समजावला. मैदानाला चार कोपरे. बॉल मारून पळायचं, चारही कोपरे फिरून घरी आलं की एक रन. आणि बॉल टाकणाऱ्याचं लक्ष चुकवून कुणी पुढच्या कोपऱ्यावर पळालं, तर ती चोरी.

शेवटच्या डावात स्कोअर तीन-तीन. आमचा एक माणूस पहिल्या कोपऱ्यावर उभा. अख्खं स्टेडियम ओरडत होतं, आई मात्र पुढे सरकून त्या माणसाकडे बघत होत्या.

"आता पळणार हा," त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"कशावरून?"

"उजव्या पायावरचा भार बघ."

आणि तो पळाला! धुळीतून घसरत दुसऱ्या कोपऱ्यावर पोचलासुद्धा. पुढच्याच बॉलला सतरा नंबरनं सणसणीत फटका मारला, पळणारा घरी आला आणि आम्ही जिंकलो. मी आईंना मिठी मारली. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आजोबांनी आईंचं ते बोट बघितलं होतं. त्यांनी मला विचारलं, "हाऊ डिड शी नो?"

मी आईंना विचारलं. त्या रुमालाची गाठ मारत म्हणाल्या, "खो-खो खेळायचे ना मी. जिल्ह्याच्या टीमला होते."

मला हे ठाऊकच नव्हतं. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हटलं, "आता बोला," आणि त्या बोलत सुटल्या. लग्नाआधीची शेवटची फायनल, खांबाजवळ मारलेला सूर, एका गुणानं हरलेली मॅच. हायवेवरून उतरायचा आमचा एक्झिट आला तो मला कळलाच नाही. चुकला, पुढून वळून आलो.

घरी मंदारनं खिचडी गरम करून ठेवली होती. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "आई, तू कधी बोलली नाहीस?"

"हरलेल्या मॅचचं काय सांगायचं?" त्या म्हणाल्या आणि वाटी पुढे केली.

त्या सांगलीला परतून आता दोन महिने झाले. मी हायवेनं ऑफिसला जाते, पंधरा मिनिटं वाचतात. पण त्या सहलीतून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईंशी गप्पा मारायची सवय. परवा फोनवर त्या म्हणाल्या की कॉलनीमागच्या शाळेत मुलींची खो-खोची टीम आहे, पण शिकवायला कुणी नाही.

"मग?"

"मग काय, हेडबाईंना भेटून आले. सोमवारपासून रोज संध्याकाळी साडेपाचला ग्राउंडवर. तू फोन त्यानंतर कर."