सायम्मांचा तिसरा चष्मा

सायम्मांनी चष्मा काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि तेलुगूत बोलायला सुरुवात केली. आवाज चढलेला होता. मधूनच त्या मानेला हात लावत होत्या, मधूनच माझ्याकडे बोट दाखवत होत्या. मी प्रत्येक वाक्याला "अवुनु, अवुनु" म्हणत होते. अवुनु म्हणजे हो.

मागच्या टेबलावरून मठपती सरांनी विचारलं, "काय म्हणून राहिल्यात त्या?"

"सर, चष्मा नीट नाही म्हणतायत."

"ते मलाबी कळतंय. काढून ठेवलाय त्यांनी. कामून नीट न्हाई, ते सांग."

एवढ्या बोलण्यातून माझ्या हाती दोनच शब्द लागले होते, 'मिशिन' आणि 'चष्मा'. ते तर कुणालाही कळले असते.

मी नांदेडच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये इंटर्न आहे. बी. ऑप्टोमचं शेवटचं वर्ष. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे गावाकडे, चाकूरला अजून कुणाला नीट समजलेलं नाही. पप्पा मोटार वाइंडिंगचं काम करतात. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगी डोळ्यांचं वाइंडिंग शिकून राहिली." आता मी ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आमचं काम म्हणजे रिफ्रॅक्शन, साध्या भाषेत डोळ्यांचा नंबर काढणं. पहिला अर्धा भाग सोपा. डोळ्यात उजेड टाकून अंदाजे नंबर मिळतो, त्यात पेशंटला काही विचारावं लागत नाही. खरी परीक्षा पुढच्या अर्ध्यात. पेशंटच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवायची. ही एक जड, गोल, कुणालाही शोभत नाही अशी फ्रेम असते. तिच्यात एकेक काच घालायची आणि विचारायचं, ही बरी की ती बरी? पेशंट जे सांगेल त्यावर शेवटचा नंबर ठरतो. म्हणजे पेशंटचं बोलणं कळलं नाही तर नंबर चुकतो.

आणि आमच्याकडे देगलूरच्या पलीकडून तेलंगणातले पेशंट गाड्या भरून येतात.

हॉस्पिटलचं नवीन सेंटर देगलूरला सुरू होणार होतं. तिथे एक ऑप्टोमेट्रिस्ट लागणार होता, आणि सरांनी आम्हा दोघा इंटर्नना सांगून ठेवलं होतं की ज्याला तेलुगूत रिफ्रॅक्शन जमेल त्याला घेऊ. दोघे म्हणजे मी आणि कंधारचा फैजान. मला ती नोकरी हवी होती. ती मिळाली नसती तर मी इंटर्नशिप संपवून चाकूरला परत गेले असते, आणि तिथे माझ्यासाठी स्थळं बघायला आधीच सुरुवात झाली होती. आई फोनवर रोज विचारायची, "जमून राहिलं का गं?" मी म्हणायचे, जमतंय.

माझा तेलुगूचा अभ्यास प्रामाणिक होता, हे मला सांगायलाच हवं. आधी एक अ‍ॅप घेतलं. त्याने मला हॉटेलात खोली कशी मागायची आणि विमान किती वाजता आहे हे कसं विचारायचं ते शिकवलं. मी आयुष्यात विमानतळ पाहिलेला नाही. मग मी तेलुगू बातम्या लावून बसायला लागले. माझी रूममेट स्वाती धर्माबादची, तिच्याकडून रिफ्रॅक्शनचे सगळे प्रश्न तेलुगूत करून घेतले. तिने रोजच्या बोलण्यातले करून दिले. मी बातम्या ऐकून त्यांना शुद्ध केलं. मोबाईलवर रेकॉर्ड केले, आंघोळीला जाताना, मेसच्या रांगेत, बसमध्ये पाठ केले. 'इदि स्पष्टंगा कनिपिस्तोंदा?' हे स्पष्ट दिसतंय का? एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही.

स्वाती म्हणाली, "अगं, तू नंबर काढून राहिलीस का हवामानाचा अंदाज सांगून राहिलीस?"

मला वाटलं, थट्टा करते.

ही पद्धत मी इंग्रजीवर वापरली होती. फर्स्ट इयरला सगळंच इंग्रजीत, आणि मी मराठी मीडियमची. व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची उत्तरं मी पूर्णविरामासकट पाठ करायचे. पास झाले. त्यामुळे भाषा अशीच शिकतात असं माझ्या डोक्यात बसलं होतं. फरक माझ्या उशिरा लक्षात आला. व्हायव्हात प्रश्न सरांचा आणि उत्तर माझं. इथे प्रश्न माझा आणि उत्तर पेशंटचं. पेशंटचं उत्तर मी पाठ कसं करणार?

फैजानचं वेगळंच. त्याने काहीही पाठ केलं नव्हतं. अर्धं दखनी, पाव मराठी आणि उरलेलं तेलुगू, तेही चुकीचं. "अम्मा, ये लेन्स मंचिगुंदा? ठीक? डोकं दुखता क्या?" पेशंट हसायचे, त्याला दुरुस्त करायचे, त्याच्या गालाला हात लावायचे. आणि त्याचा एकही चष्मा परत यायचा नाही. मला याचा फार राग यायचा. मी जेवताना बातम्या ऐकत होते आणि हा कँटीनमध्ये भजी खात होता.

एकदा मी त्याला विचारलंच, "तुला लाज नाही वाटत असं बोलायला?"

"वाटती ना. पण पेशंटला मजा येती. तू लई परफेक्ट बोलतीस, प्रतीक्षा. त्यांना वाटतं तू हैदराबादची हाईस. मग ते सुटतात एक्स्प्रेससारखे."

हे खरं होतं. माझा प्रश्न इतका चोख असायचा की समोरून उत्तराचा लोंढा यायचा. एवढं चांगलं विचारल्यावर आता "कळलं नाही" कसं म्हणायचं? मग मी मान हलवायचे. शेवटी कुठेतरी 'मंचिगुंदि', म्हणजे चांगलं आहे, हा शब्द ऐकू आला की तो नंबर लिहून टाकायचे.

सायम्मांचं तेच झालं. पहिला चष्मा मी दिला, तो परत आला. दुसरा दिला, तोही आज परत आला होता. त्या सीमेपलीकडच्या गावात ब्लाउज शिवतात. लग्नाचे दिवस तोंडावर होते, आणि त्या दोन गाड्या बदलून माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या.

सर उठून माझ्या टेबलापाशी आले. ते उदगीरचे. त्यांना कानडी येतं, तेलुगू येतं, उर्दूही येतं, आणि ते कुठे शिकले विचारलं तर म्हणतात, "शिकायचं काय त्यात? बाजारात जायचं." मला वाटलं, ते आता सायम्मांशी बोलतील आणि मी सुटेन.

"सर, तुम्ही जरा विचारता का?"

"विचारतो की. एका मिनिटाचं काम हाय. पण देगलूरला कोण विचारंल? मला ऑपरेशनला ओटीत बोलवून राहिलेत. मी येईस्तोवर बघ. आता देशील तो चष्मा परत आला तर देगलूरचं नाव काढायचं न्हाई. काउंटरला बसायचं, केसपेपर करायचे. तिथं मराठी चालती."

आणि गेले.

सायम्मा माझ्याकडे बघत होत्या. मी ट्रायल फ्रेम चढवली. आधीचाच नंबर घातला. जवळचा तक्ता हातात दिला. पाठ केलेलं वाक्य म्हटलं. 'स्पष्टंगा कनिपिस्तोंदा?'

"मंचिगुंदि," सायम्मा म्हणाल्या. थकून.

मला कळेना. चांगलं आहे तर बाई चष्मा परत का आणलात? मग मी आमच्या कामातली एक जुनी युक्ती केली. पेशंट खरं सांगतोय की नुसतं हो म्हणतोय अशी शंका आली की मुद्दाम एक भलतीच काच घालतात. मी घातली. तिच्यातून तक्ताच काय, माझं तोंडसुद्धा धड दिसलं नसतं.

"मंचिगुंदि, अम्मा," सायम्मा म्हणाल्या.

मी हातातला टॉर्च खाली ठेवला. म्हणजे आजपर्यंत या बाईंनी मला एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं! मी एवढी वाक्यं घोकली, त्यांना फक्त एकच उत्तर येत होतं. चष्मा काढला की भांडायच्या, फ्रेम चढवली की चांगलं म्हणायच्या. आमची म्हातारी माणसं असंच करतात, हे मला माहीत होतं. डॉक्टरने डोळ्याला लावलेल्या काचेला वाईट कसं म्हणायचं? चाकूरची बाई असती तर तिच्या "बरं हाय की"मधला खोटेपणा मी आवाजावरून ओळखला असता. म्हणाले असते, "मावशी, काय बरं हाय? धुकं दिसून राहिलं की तुम्हाला." तेलुगूत मला शब्द ऐकायचीच इतकी घाई असायची की आवाज ऐकायला सवडच नव्हती.

मला खरंच चीड आली. त्यांची, माझी, त्या बातम्यांची. आणि चिडल्यावर पाठ केलेलं सगळं गेलं.

मी ती काच काढली, त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "अम्मा, हे बागालेदु! हे लई बागालेदु!" बागालेदु म्हणजे चांगलं नाही. मग म्हणाले, "नाकु तेलुगु मंचिगा रादु. मेल्लगा चेप्पंडि." मला तेलुगू नीट येत नाही, हळू सांगा. हे वाक्य स्वातीने मला पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी ते एकदाही वापरलं नव्हतं. ते वापरायला लागू नये म्हणून तर एवढा अभ्यास केला होता.

सायम्मांनी फ्रेमच्या वरून माझ्याकडे बघितलं. "रादा?" येत नाही?

"रादु."

त्या हसल्या. चांगल्याच हसल्या. शेजारच्या बाकावरच्या बाईंना काहीतरी सांगितलं, त्याही हसल्या. माझे कान गरम झाले. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी मशीन चालवल्याचा अभिनय केला. "मिशिन. सुई. दग्गर?" आणि हात लांब केला. दग्गर म्हणजे जवळ. मी लांब हात करून जवळ म्हणत होते.

"अय्यो," सायम्मा म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझाच हात माझ्या नाकापाशी आणला. "इदि दग्गर." मग लांब नेला. "इदि दूरम्." माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग माझा हात सोडला, स्वतः खुर्चीत ताठ बसल्या, पाय पेडलवर असल्यासारखे ठेवले, आणि स्वतःचा हात समोर नेऊन एका जागी थांबवला. "मिशिन. सूदि." सूदि म्हणजे सुई.

मी हाताकडे बघितलं आणि टेप घेतला. त्यांची सुई पुस्तक धरतात त्याच्यापेक्षा बरीच लांब होती. मी दोन्ही वेळा त्यांना वाचायचा चष्मा दिला होता, आणि दुसऱ्यांदा तर आणखी जोराचा. त्या चष्म्यातून सुई दिसायची, पण नाक मशीनला लावल्यावर. म्हणून मान दुखत होती. हे सगळं त्यांनी मला दोन्ही वेळा सांगितलं होतं, आणि मी अवुनु म्हटलं होतं.

तक्ता बाजूला ठेवला. आमच्या ओपीडीतल्या सिस्टरकडून सुई-दोरा आणला. त्या अंतरावर तो त्यांच्या हातात दिला आणि काचांचा नंबर कमी करत गेले. आता सायम्मांना गंमत वाटायला लागली होती. माझं तेलुगू त्या दुरुस्त करत होत्या आणि त्याच दमात माझ्या काचाही. "बागालेदु." दुसरी काच. "बागालेदु." मला एखाद्या पेशंटने 'चांगलं नाही' म्हटल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. मग एका काचेला त्या काही बोलल्याच नाहीत. दोरा ओवला, दाताने तोडला, आणि सुई माझ्या एप्रनला टोचून ठेवली.

सर ओटीतून आले. केसपेपर बघितला. सायम्मांशी पाच-सहा वाक्यं बोलले. त्या माझ्याकडे बोट करून बराच वेळ सांगत होत्या.

"काय म्हणतायत, सर?"

"पोरगी चांगली हाय म्हणतायत. पण कुणीतरी हिला तेलुगू शिकवा म्हणतायत."

तिसरा चष्मा परत आला नाही. सायम्मा पण आल्या नाहीत, म्हणजे ब्लाउज शिवत असतील असं मी धरून चालते.

देगलूरचं सेंटर मला मिळालं. फैजानने नांदेडलाच राहायचं म्हटलं, त्याला कँटीन सोडवत नव्हतं असं तो म्हणतो. आईला फोन केला तर तिने पहिल्यांदा विचारलं, "तेलुगू आलं म्हण की मग?" मी म्हटलं, येत नाही हे सांगता यायला लागलं.

जायच्या आधी सुट्टीत मी तेलुगूचे आणखी प्रश्न तयार केले. यावेळी शुद्ध केले नाहीत. पहिल्या दिवशी सेंटर उघडलं, खुर्ची पुसली, चार्टचा लाइट लावून बघितला. पहिले पेशंट आत आले, साठीचे एक आजोबा, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, "मेल्लगा चेप्पंडि, काय त्रास आहे?"

आजोबा बोलायला लागले. मी नीट ऐकलं, आवाजाकडे लक्ष दिलं, हातांकडे लक्ष दिलं. तरी एक शब्द कळेना. दारातून आमचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, ते औरादकडचे हायत. कानडी बोलून राहिलेत."

मी सरांना फोन लावला. "सर, मला कानडी येत नाही, हे कानडीत कसं म्हणतात?"

"ननगे कन्नड बरल्ला," सर म्हणाले. "लिहून घे. पाठ करू नको."

मी आजोबांकडे वळले आणि ते वाक्य म्हणाले. चुकलंच असणार, कारण ते हसले. मी ट्रायल फ्रेम हातात घेतली.