एक अंगठा, एक हात

झुलाल पाटील धुळ्यात घरांचे नकाशे काढायचा. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून त्याची मान कायमची डावीकडे कललेली. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. एखादी सरकली, की भर बोलण्यात थांबून आधी ती नीट करायचा. १९९५ साली त्याने कॉम्प्युटर घेतला, त्यावर भरतकामाचे कव्हर घातले आणि येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. बायको भिकुबाई म्हणाली, घंटा तेवढी टांगायची राहिली.

पण नव्या यंत्रावर नकाशा करून घ्यायला कोणी पुढे येईना. लोकांचा भरवसा झुलालच्या हातावर होता, त्या खोक्यावर नव्हता. अखेर कापडण्याचे चुडामण आबा कबूल झाले. त्यांना अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाया खणायचा होता. हा नकाशा पसंत पडला तर गावभर नाव होणार, फसला तर कॉम्प्युटरवरचे कव्हर पुन्हा निघणार नाही, हे झुलाल ओळखून होता.

अडचण अशी, की आबांना फूट-इंच मंजूर नव्हते. सारे आयुष्य त्यांनी हातावर मोजलेले, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. स्वयंपाकघर आठ हात, म्हणजे आठच. त्यांची बायको तानुबाई मात्र दहा हातांवर अडून बसली होती, कारण तिच्या माहेरी तेवढे होते.

झुलालने टेप लावून आबांचा हात मोजला. वीस इंच भरला. अंगठ्याची रुंदी बरोबर एक इंच. कॉम्प्युटरच्या यादीत फूट-इंचांची ठरावीक स्केल होती, त्यांत हे बसणारे नव्हते. त्याने यादी बाजूला सारली आणि स्वतःचे स्केल भरले : कागदावरचा एक इंच म्हणजे जागेवरचे वीस इंच. आता आबांनी नकाशावर अंगठ्याला अंगठा लावत जायचे, जितके अंगठे तितके हात. प्रिंटर किरकिरत सुरू झाला आणि सलग कागदावर पुरुषभर नाही तरी पोरभर लांब घर बाहेर आले.

कापडण्यात ओट्यावर नकाशा पसरला. आबांनी स्वयंपाकघरावर अंगठे टेकवले. आठ. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग तानुबाई चहाचे कप ठेवायला आली, खाली बसली आणि निमूटपणे तिनेही अंगठे टेकवले.

"दहा शेतस," ती म्हणाली, आणि हसत आत गेली.

आबांचा चेहरा उतरला. बायकोने झुलालला आधीच फितवले, असे त्यांना वाटले.

"झुलालभाऊ, तू कोना कडना शे? मना का हिना?"

झुलाल नकाशावर वाकला. त्याने फूटपट्टी लावली, आठ इंच चोख भरले. पुन्हा लावली, तरी आठच. आबा नकाशाची गुंडाळी करू लागले तेव्हा तो काकुळतीला आला. जागेवर आखून दाखवतो, मग हवे ते करा, म्हणाला.

प्लॉटवर त्याने टेपने मोजून स्वयंपाकघराची रेघ चुन्याच्या फक्कीने आखली. आबा ओणवे होऊन हातांनी मोजत गेले. आठ. मागोमाग तानुबाई पदर खोचून मोजत आली. दहा.

झुलालची मान डावीकडे आणखी कलली. मग त्याने दोघांना हात शेजारी-शेजारी धरायला लावले आणि त्याला हसू फुटले. तानुबाईचा हात आखूड होता, तसाच अंगठाही बारीक. कागदावर जो फरक, तोच जमिनीवर. स्केल दोघांनाही बरोबर होते.

आबांनी रेघेकडे पाहिले, बायकोकडे पाहिले.

"मना आठ, तिना दहा. मंग भांडन कसानं?"

अखाजीला पाया खणला गेला. त्यानंतर कापडण्याहून नकाशासाठी जोडपी येऊ लागली. झुलाल टेप घेऊन नवऱ्याकडे वळायचा, तोवर बायकोने अंगठा पुढे केलेला असायचा. कव्हर त्याने घडी घालून कपाटात ठेवले, कडेला कड जुळवून.