पेन्सिल न लावलेला फोटो

आमच्या भागात वाळवंट नाही. पण वैशाखात गावाबाहेरचा माळ पाहिला की भूगोलाच्या पुस्तकातलं वाळवंट असंच असेल, असं मला शाळेत वाटायचं. गवत जळून गेलेलं, मुरमाची उघडी जमीन, आणि मधोमध एक हिवराचं झाड. पुढे अमरावतीला कॉलेजात गेलो. हॉस्टेलमधल्या एका मारवाडी मित्राने त्याच्या मुलखातल्या वाळूचे फोटो दाखवले, तेव्हा कळलं की ओसाड जागेचाही फोटो काढतात. एका फोटोत नुसती वाळू होती आणि डोक्यावर घागर घेतलेली त्याची आजी. तिच्यावरून माझी नजर हटेना.

आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. सुट्टीत घरी निघालो तेव्हा त्या मित्राने आपला डब्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

घरी सोयरिकीची गडबड चालू होती. माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आमच्या बाईला, रंगावरून दोनदा नकार आला होता. आता जऊळक्याकडचा एक शाळामास्तर पुढे आला होता, पण त्याने आधी फोटो मागितला होता. वडील नव्हते, तेव्हा घरात शब्द मामाचा. मामा तिला कामरगावहून मोटारीने कारंजा गावी स्टुडिओत घेऊन गेला. तिथे रंगवलेल्या पडद्यापुढे, त्यावरच्या बागेतल्या कारंज्याशेजारी तिला बसवून फोटो काढला. स्टुडिओवाल्या चाचांनी मग फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली. त्या काळी सगळेच असं करत. पेन्सिलीने चेहरा उजळ निघायचा.

फोटो घरी आला. बाईने तो हातात घेऊन उजेडाला धरला.

"हे कोन होय?"

"तूच होय, दुसरं कोन?" मामा हसला. "गोरी दिसून राह्यली का नाही?"

"मंग मास्तर आल्यावर हिले कुठून आनसान?"

"एकदा अक्षता पडल्या का कोनी रंग पाह्यत नाही."

"मी पाह्यतो ना," बाई म्हणाली. "मले तं रोज पाहा लागन त्याचं तोंड."

माय घाबरून दोघांकडे पाहत राहिली. मला घरात बोलायची सवय नव्हती. बाईला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं आणि मी कॉलेजात जात होतो. तिच्यापुढे काही बोलायचा मला हक्क आहे असं वाटत नसे.

दुपारी ती माझ्याजवळ आली. "तुह्या त्या डब्यात मी मावन का रे?"

कुठे काढायचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माळावर. रोज जिथं असतो तिथंच."

आम्ही गेलो. वारा थांबेना. पदर उडायचा, डोळ्यांत धूळ जायची. एकच फोटो होता, म्हणून मी घाई केली नाही. हिवराखाली बसून राहिलो. आधी ती शेणी वेचायच्या जागा दाखवत होती. मग विचारलं, "कालेजात कोनी तुले हासते का?" हसतात, मी म्हणालो. माझ्या बोलण्याला हसतात. हे मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हासू दे. तू बोलनं सोडू नको." त्यानंतर आम्ही तिथेच वारा पडायची वाट पाहत बसलो. इतका शांतपणा मला हॉस्टेलमध्ये कधी मिळाला नव्हता.

ऊन कलताना वारा पडला. ती झाडापासून दूर, मोकळ्यात जाऊन उभी राहिली. मी डबा पोटाशी धरला आणि वरच्या काचेत पाहिलं. त्या एवढ्याशा काचेत सगळा माळ रिकामा होता आणि मधे बाई. फोटोत पोरीने खाली पाहायचं असतं, असं मायने बजावलं होतं. बाई सरळ डब्याच्या भिंगात पाहत होती. मी श्वास धरला आणि खटका दाबला.

रोल धुवायला मी त्याच चाचांकडे गेलो. त्यांनी ओली फिल्म उजेडाला धरली आणि सवयीने म्हणाले, "वाळली की हात मारून देतो."

"चाचा, पेन्सिल लावू नका."

"अरे कालेजवाले, रिश्ते की बात है. बहन से दुश्मनी है क्या?"

तरी मी म्हणालो, "तिनंच सांगितलं आहे. लावू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

घरी मामा चिडला. "कालेजात काय बहिनीचं लगन मोडाले शिकला काय तू?"

या वेळी मी बोललो. "मामा, जाईन तं हा फोटो जाईन. नाही तं कोनताच नाही."

मामा माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं. बाई मधे उभी राहिली. शेवटी तोच फोटो गेला.

मास्तरकडून नकार आला. माय चुलीपुढे बसून रडली. बाईने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "काहून रडतं माय? यावेळी त्यानं मले पाहून नाही म्हटलं. त्या पेन्सिलवालीले पाहून हो म्हटलं असतं, तं मी जलमभर तिच्या नावानं नांदली असती."

मामाने तो फोटो परत आणून दिला, तेव्हा बाईने कारंज्याहून चौकट मागवली. आमच्या भिंतीवर तोवर फक्त वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. जित्या माणसाचा फोटो भिंतीवर लावू नये, असं माय म्हणत राहिली.

"मी जिती हावो, म्हनूनच लावतो," बाई म्हणाली. पाटा ओढून ती त्यावर चढली, माझ्याकडून खिळा घेतला, आणि वरवंट्याने स्वतःच ठोकला.