मुखरूची मुरलेली कॉफी

कॉफी म्हन्लं का मले आजही मळमळते. जळक्या चिचोक्यावानी वास, अन् चव त्याहून खराब. चांगला चहा सोडून लोकं हे कायले पेतेत, देव जाने. पन माझी मळमळ निस्ती कॉफीची नाई, तेच सांगून राह्यलो.

माझं नाव इसरू. चौपन-पंचावन साली एटापल्लीले नाकेदार होतो, म्हंजे जंगलाचा राखनदार. तिथल्या सरकारी बंगल्यावर मुखरू सैपाक करे. नागभीडकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला मानूस. सहा वर्सं झाली तरी नोकरी कच्चीच. घरी बायको अन् दोन पोरी. मोठ्या साहेबाची एक सही झाली का नोकरी पक्की, एवढंच त्याच्या डोक्यात फिरे.

हा मोठा साहेब वर्सातून एक-दोनदा दौऱ्यावर ये. त्याले कॉफीचं भारी याड. पयल्यांदा त्यानं कच्चं बी आनलं, तवा मुखरूनं ते खापरात भाजलं अन् लगेच उखळात कांडलं. टिनाच्या दोन डब्या एकावर एक ठेवल्या, वरच्या डबीले खिळ्यानं भोकं पाडली, अन् गरम पानी टाकून थेंब थेंब काढलं. वर असा फेस आला का साहेब खुश. जाताना पाच शेर कच्चं बी ठेवून गेला. म्हने, चांगलं निवडून माझ्यासाठी ठेव, फुटकं-कीडकं तुमी घ्या. पुढच्या बारीले अशीच पाजली का सही करतो.

मुखरूनं दोन दिवस सुपात एकेक दाना निवडला. डोळे फुटायची पाळी आली. ते निवडक दाने त्यानं त्याच हप्त्यात भाजले, कडूलिंबाचा पाला घालून डब्यात भरले अन् डब्याचं तोंड मातीनं लिपून टाकलं. आठ महिने हात लावला नाई. आमच्याकडं पाव्हन्याले जुना तांदूळ रांधतेत, नवा गचगच्या भात घरच्यानं खावा. जुनं तेवढं चांगलं, हे धानवाल्याले शिकवा लागत नाई. फुटकं बी मात्र कच्चंच पडून होतं. आमी मागू तवा तो मूठभर भाजे अन् गूळ टाकून दे. मी नाक मुरडत पेत होतो. फुकटचं होतं ना!

साहेब आला. मुखरूनं डबा फोडला, कॉफी काढली. फेस काई आला नाई, आठ महिन्यात भाजल्या बियाचा वासही उडून गेला होता. साहेबानं एक घोट घेतला अन् पचकन वऱ्हांड्यातच थुकला. त्याच टायमाले मागच्या सैपाकखोलीतून आमच्यासाठी भाजलेल्या फुटक्या बियाचा वास सुटला होता. मी तिथंच पेत बसलो होतो. साहेब वासावर वासावर आत आला, माझ्या हातचा अल्मुनियमचा गिलास हिसकला अन् माझं उष्टं गटकन पेऊन गेला. मले शिसारी आली.

"चांगलं तुमी ढोसता अन् मले हा कचरा?" तो म्हने. "चोर कुठचा."

मुखरूले काई समजलंच नाई. हात जोडून एकच सांगे, साहेब, ते जुनं आहे, मुरलेलं आहे. साहेबानं त्याच्याकडं पाह्यलंही नाई. मले इचारलं, हा चोरी करते का?

मले सारं ठावं होतं. कोनतं बी कोनासाठी, कवा भाजलं, काऊन ठेवलं. पन गिलास माझा होता, अन् माझी नोकरी पक्की होती.

"मले नाई मालूम, साहेब," मी म्हन्लं.

थू माझ्या जिंदगानीवर!

दुसऱ्या दिशी सकाळीच मुखरूले काढून टाकलं. गाठोडं घेऊन तो माझ्या दारी आला. वाटलं, आता हा मले शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यानं तोच डबा माझ्यासमोर ठेवला. तोंड पुन्हा लिपलं होतं, माती अजून वलीच होती.

"इसरूभाऊ, साहेब पुन्हा येईन तवा हेच पाजजा," तो म्हने. "आठ महिन्यात कमीच मुरलं असंन."

मी हाव म्हन्लं अन् डबा घेतला.